पाखरांच्या गाण्याची इजाजत

मला गाता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ताडकळसात आज कुणालाही विचारलंत तर तो छातीवर हात ठेवून नेमकं उलटं सांगेल. मी कापडाचा दुकानदार. माप चोख, बोलणं कमी, स्वभाव भिडस्त. गावातले लोक मला भित्राही म्हणतात. मी त्याला सावधपणा म्हणतो. निजाम सरकारच्या राज्यात ठाण्यासमोरून जाताना ज्याची चाल आपोआप बदलत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. माझी जरा जास्त बदलते, इतकंच.

सगळा घोळ एका 'हो'मुळे झाला. बाजारचा दिवस होता. दस्तगीर मास्तर, आमच्या सरकारी शाळेचे सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तर, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रेवणसिद्ध अप्पांशी बोलत होते. रेवणअप्पांचं शेजारी तेलाचं दुकान. सोमवारच्या भजनात बाजाची पेटी त्यांची आणि आवाजही त्यांचाच. बाकीचे नुसते तोंड हलवतात. मास्तर सांगत होते, की शाळा तपासणारे मोहतमिमसाहेब मागच्या खेपेला पोरांकडे बघून म्हणाले, ही जिवंत आहेत का? यांना जरा गाणंबिणं शिकवा. पण गाण्याच्या मास्तराची जागा मागितली तर सरकार देत नाही.

"सरकार कशाला पायजे?" रेवणअप्पा म्हणाले. "आमी हाव की! गावानं शिकवायचं, फुकट. काय बसवंतअप्पा?"

नेमक्या त्याच वेळी समोरची बाई लुगड्याचा पदर बोटांत चुरगाळत मला विचारत होती, रंग पक्का हाय का. मी म्हणालो, "हो. एकदम पक्का."

"पक्का!" रेवणअप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं ना मास्तर? गाण्याच्या वर्गाला चिटणीस मिळाले!"

मास्तरांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. इतका सज्जन माणूस की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्या डोळ्यांना कसं सांगायचं, की तो 'हो' लुगड्याला होता?

चिटणीस झाल्यावर मला थोडी झिंग चढली हे नाकबूल करत नाही. भजनं शाळेत नकोत, सगळ्या घरांतली पोरं येतात, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. तेव्हा नवं गाणं पाहिजे होतं. गिऱ्हाईक नसताना गादीवर बसून मी ते रचलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच काव्य:

उठा उठा पाखरांनो, उजेड आला दारी,
घरटं सोडून बाहेर या रे, मोकळी वाट सारी.

दोनच ओळी, पण मला त्या फार आवडल्या. रेवणअप्पांनी पेटीवर चाल बसवली आणि तीही फार गोड झाली. यात कुठे धोका असेल असं मला वाटलं असतं, तर मी पाखरांना झोपू दिलं असतं.

धोका दाखवून दिला आबासाहेबांनी. हे तहसिलीत पेशकार होते. नोकरीतून मोकळे होऊन बरीच वर्षं झाली, तरी सरकार आपल्याला विचारूनच चालतं असा त्यांचा समज. ते दुकानात आले, तक्क्याला टेकले आणि म्हणाले, "बसवंतराव, इजाजत घेतली का?"

"कशाची?"

"जलशाची. चार माणसं जमवायची तर आजकाल इजाजत लागते. तुम्ही तर शाळाभर पोरं जमवणार. वर गाणं म्हणणार. वर ते 'उठा उठा' म्हणून." त्यांनी डोळे बारीक केले. "मी काय म्हणालो नाही हं. पण कुणाला उठवायलात तुम्ही?"

माझ्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला.

पलीकडच्या ओट्यावरून कस्तुराबाईंनी हे ऐकलं. कस्तुराबाईंना बातमी अर्धी ऐकू येते आणि उरलेली त्या स्वतः पुरवतात. "नांदेडला माझ्या जावेचा भाचा असाच रस्त्यानं गाणं म्हणत गेला," त्या म्हणाल्या. "गेला तो गेलाच. परत आला न्हाई."

"कुठं नेलं त्याला?" मी विचारलं.

"सासुरवाडीला ऱ्हायलाय. पण परत आला का? न्हाई ना?"

घरी आलो तर ही बातमी माझ्या आधी पोचलेली. आमच्या घरात चन्नबसम्मा, म्हणजे माझी बायको, घाबरत नाही. ती तयारी करते. घोंगडी, एक धोतर आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असं गाठोडं तिनं दाराजवळ ठेवलं.

"हे कशाला?"

"अवो, नेलं तर? तिथं काय देतेत खायला कुणाला ठावं? चटणी टिकती."

ती चटणी जुनी झाली की आम्ही जेवताना संपवायचो आणि ती नवी कुटायची. त्या दिवसांत मुसळाचा आवाज आला की मी आधी दाराकडे बघायचो. मला अजून ती चटणी नीट गिळवत नाही.

शेवटी इजाजतीसाठी आम्ही ठाण्यावर गेलो: मी, रेवणअप्पा, दस्तगीर मास्तर आणि दुभाषे म्हणून आबासाहेब. आबासाहेब नसते तर बरं झालं असतं, पण ते धुवट शेरवानी घालून आधीच येऊन उभे होते. अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे मुख्य अंमलदार, उंच, सडसडीत आणि कायम दात दुखत असल्यासारखा चेहरा केलेले. त्यांचं मराठी जेमतेम. ते कधी ओरडत नसत, आणि तेच जास्त भीतीचं होतं. ओरडणारा माणूस पुढं काय करेल ते कळतं तरी.

"गाना क्या है? बोलो."

मी दोन्ही ओळी म्हटल्या. म्हटल्या म्हणजे काय, ओठांतून वारा गेला. आबासाहेबांनी घसा साफ केला. या प्रसंगाची ते बहुधा नोकरीभर वाट बघत होते. साधं 'चिड़ियो, उठो' म्हणाले असते तर सगळे घरी गेलो असतो. पण त्यांनी आपल्या जवळची सगळी फारसी बाहेर काढली आणि म्हणाले, "हुजूर, शायर कहता है, ऐ ताइरो! क़याम करो! कि इन्क़िलाब-ए-नूर दरवाज़े पर आ पहुँचा!"

अमीनसाहेबांची लेखणी थांबली.

"इन्क़िलाब?"

"नूर का, हुजूर," आबासाहेब घाईनं म्हणाले. "रोशनी का. शायराना बात है."

"शायर कौन है?"

रेवणअप्पांनी माझ्याकडे बघितलं. आबासाहेबांनी बघितलं. दस्तगीर मास्तर मोठ्या मनाचे, त्यांनी भिंतीकडे बघितलं.

पुढं किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकेका शब्दावर चौकशी झाली. पाखरं म्हणजे कोण? पाखरं म्हणजे पाखरंच, हुजूर. मग घरटं म्हणजे काय, मुल्क तर नव्हे? ते सोडून जायला का सांगता? आणि मोकळी म्हणजे? आज़ाद? प्रत्येक वेळी अमीनसाहेब पूर्ण ओळ पुन्हा म्हणायला लावत, मग स्वतः सावकाश, अडखळत म्हणून बघत. आम्हाला तीन-चार बाजार घिरट्या घालाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला मी 'उठा'चं 'बसा' करून नेलं. "बसा बसा पाखरांनो, बंद वाट सारी." तर अमीनसाहेबांनी विचारलं, "बंद किसने किया?"

पुढच्या खेपेला मी 'बसा'चं परत 'उठा' केलं.

शेवटी तेच कंटाळले. "लफ़्ज़ नक्को," ते म्हणाले. "खाली सुर गाओ."

आम्हाला हायसं वाटलं. रेवणअप्पा आनंदानं पुढं सरसावले. "जी हुजूर! नुसतं सा रे ग म..."

"ठहरो." अमीनसाहेबांचा चेहरा कडक झाला. "सारे ग़म? सरकार के राज में किसको सारे ग़म हैं?"

रेवणअप्पा एक पाऊल मागं सरकले. सूर बदलून सांगावेत तर ते काही त्यांच्या बापानं ठेवलेले नाहीत. मी मनातल्या मनात गाठोडं उचललं. तेव्हा दस्तगीर मास्तर पहिल्यांदा बोलले. हात जोडून, अगदी हळू आवाजात. ही सुरांची नावं आहेत, हुजूर. दिल्लीपासून हैदराबादपर्यंत प्रत्येक उस्ताद हीच घेतो. यात काही कसूर निघाला तर नोकरी माझी घ्या, या लोकांची चूक नाही. घरात पाच पोरं असलेल्या माणसानं हे म्हणावं! मला माझ्या भीतीची लाज वाटली. लाज वाटली तरी भीती काही कमी झाली नाही. दोघी शेजारी शेजारी बसल्या.

इजाजत मिळाली. अट अशी, की प्रत्येक वर्गाला ठाण्यातला एक जवान हजर राहील आणि काय गायलं त्याची खबर अमीनसाहेबांना तोंडी देईल.

जवान आला तो सटवाजी. गावाकडचा, धिप्पाड, मिशा अशा की पोरं त्या बघूनच रडायला लागली. तो दाराशी काठी घेऊन बसला. रेवणअप्पांनी पेटीवर सूर धरला आणि म्हणाले, म्हणा सा. पोरांनी असा 'सा' लावला की जणू कुणाचं तरी प्रेत दारात ठेवलंय. अमीनसाहेबांची 'ग़म'ची शंका अगदीच चुकीची नव्हती असं त्या दिवशी मला वाटलं.

सटवाजीची अडचण आमच्याहून मोठी होती. वर्ग सुटला की तो मला गाठायचा. "मालक, सायबाला काय सांगू?"

"सांग, आज 'सा' म्हटला."

"काल बी 'सा'च होता."

"आज त्याला 'रे' जोडला."

"मंजी वाढलं की!" तो घाबरून म्हणायचा. "सायब इचारतील, कशापायी वाढायलंय? उद्या थोडं कमी करा की."

बिचाऱ्याला सगळं लक्षात ठेवून तसंच्या तसं ठाण्यात सांगावं लागे. सांगायचं म्हणजे म्हणूनच दाखवायचं. त्यामुळे महिनाभरात झालं असं, की त्या चालीतला प्रत्येक सूर सटवाजीला पाठ झाला. वर्गात तो नकळत काठी जमिनीवर आपटून ठेका धरू लागला. त्या ठेक्यानं पोरांची भीड मोडली. ती आता पाखरांच्या गाण्याची पूर्ण चाल, फक्त शब्दांशिवाय, सारेगममध्ये घडाघडा म्हणत. दुपारच्या वेळी दुकानात बसलो की शाळेतून तो आवाज यायचा आणि गिऱ्हाईक कापड हातात धरून ऐकत थांबायचं. एकदा कस्तुराबाईसुद्धा गप्प बसल्या.

अशात मोहतमिमसाहेब शाळा तपासायला येणार अशी बातमी आली. मास्तरांनी कळवलं होतं, की मुलं आता गातात. साहेब ते ऐकायलाच येत होते. सोबत तहसीलदार आणि अर्थातच अमीनसाहेब.

मला धीर होता तो एवढाच, की गायचं काम रेवणअप्पांचं. ते आदल्या दिवशी पालमला निघून गेले. मेव्हण्याच्या घरी काही अडचण आहे म्हणाले. पेटी मात्र माझ्याकडे सोडून गेले. आबासाहेबांना तर मूळव्याधीनं धरलं; खुर्चीत बसणं अशक्य आहे असा निरोप आला. त्यांची मूळव्याध मोठे हुद्देदार गावात आले की नेमकी उठते. चन्नबसम्मानं निघताना माझ्या कपाळाला विभूती लावली, आणि गाठोडं दाराच्या आणखी जवळ सरकवलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शाळेत अंथरला तो माझ्याच दुकानातला गालिचा, माझ्याच दुकानातले तक्के. मोहतमिमसाहेब म्हातारे, लठ्ठसे, धुळीनं माखलेले. घामाघूम होऊन टेकले आणि म्हणाले, "हां भई, सुनाओ."

मी पेटीसमोर बसलो. भाता ओढला. नुसता वारा. पुन्हा ओढला, पुन्हा वारा. पेटीच्या पुढच्या खुंट्या ओढाव्या लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाईत एकदम सगळ्या ओढल्या तर कुठली तरी पट्टी अडकली आणि पेटी एकाच सुरात रेकायला लागली. पोरं भेदरून माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. मी भाता आणखी जोरानं ओढला, तर रेकणं वाढलं.

तेव्हा दाराशी खडा उभा असलेल्या सटवाजीनं, समोर बघत, सलाम ठोकताना असतो तसल्या ताठ चेहऱ्यानं 'सा' लावला. रोज ठाण्यात लावायचा तसाच. पोरांनी तो ओळखला आणि सगळी एकदम सुरू झाली. पूर्ण चाल, वरून खाली, खालून वर, एकही सूर न सांडता. मला पेटीचं रेकणंसुद्धा ऐकू येईनासं झालं.

मोहतमिमसाहेबांनी मान डोलावली. "वाह. अब गाना सुनाओ. ये तो सुर हुए. बोल कहाँ हैं?"

मास्तर खाली बघू लागले.

"बोल नहीं सिखाए? क्यों? किसी ने मना किया?"

 सगळ्यांच्या नजरा हळूहळू, कुणाची इच्छा नसताना, अमीनसाहेबांकडे वळल्या. आणि अमीनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. रोज सकाळी केस विंचरताना आरशात तीच दिसते. हा माणूस घाबरला होता! तहसीलदारासमोर, मोहतमिमसमोर, एका पाखराच्या गाण्यावरून आपलं हसं होणार म्हणून घाबरला होता. इतके दिवस ज्याच्या नुसत्या बुटांच्या आवाजानं माझं जेवण उतरत नव्हतं, त्याच्या कपाळावर माझ्यासारखाच घाम होता.

"नहीं हुजूर," अमीनसाहेब म्हणाले, "मना कौन करेगा? गाओ जी, गाओ. वो... परिंदों वाला."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पोरांना तर शब्द कुणी शिकवलेच नव्हते. रेवणअप्पा पालमात, आबासाहेब अंथरुणात, मास्तरांची मान खालीच. त्या सबंध शाळेत ते शब्द पाठ असलेला, आणि जीभ चालत असलेला, एकच माणूस उरला होता.

मोहतमिमसाहेबांनी घड्याळ काढलं. तसे अमीनसाहेब उभे राहिले आणि कवायतीचा हुकूम सोडावा तसे म्हणाले, "उठा उठा पाखरांनो!"

सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली. तहसीलदारसुद्धा अर्धे उठले आणि परत बसले.

सटवाजीनं सूर दिला. अमीनसाहेबांनी एकेक तुकडा सांगावा आणि पोरांनी तो पाठ असलेल्या चालीत ओवून गावा, असं ते सुरू झालं. "उजेड आला दारी!" अमीनसाहेबांचे उच्चार थोडे हैदराबादी, पण एक मात्रा इकडची तिकडे नाही. पोरांना काय झालं कुणास ठाऊक. इतके दिवस नुसत्या सुरांवर कोंडलेली ती, शब्द मिळाल्याबरोबर अशी गायला लागली की छपरावरची कबुतरं उडाली. 'मोकळी वाट सारी'वर आल्यावर अमीनसाहेब सांगायचं विसरले. ते गातच होते. डोळे मिटून, एक हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून त्यांनी ती 'वाट' चांगली लांबवली, आणि मग एकदम भानावर येऊन खुर्चीत बसले.

दस्तगीर मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मोहतमिमसाहेब म्हणाले, फार चांगलं; शब्दांसकट चालू ठेवा. आणि निघून गेले.

मी घरी येऊन पडलो तो दोन दिवस उठलो नाही. रेवणअप्पा पालमहून परत आले, सगळं ऐकलं आणि फार हळहळले. म्हणाले, "मी असतो तर रंग आणला असता." जवान हटवण्याचा हुकूम काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, त्यामुळे सटवाजी वर्गाला येतच राहिला. पोरं त्याला आता काका म्हणतात.

पुढच्या बाजारी अमीनसाहेब माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकं भराभर पांगली. ते गादीच्या कडेला बसले, मलमलीचा एक तागा उगीच उलगडून बघितला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उस दिन किसने गाया था?"

माझं डोकं अशा वेळी फार जलद चालतं. "मैंने, हुजूर."

"अच्छा गाया." त्यांनी मान हलवली. "कोई पूछे तो यही बोलना."

तेव्हापासून मी गावातला गवई आहे. लग्नाकार्यात माझ्यापुढे पेटी सरकवली जाते आणि मी घसा बसल्याचं सांगतो.

त्या दिवशी अमीनसाहेब जायला उठले. पायरीवर थांबले, रस्त्यावर कुणी आहे का बघितलं आणि परत वळून विचारलं, "वो आख़िर में... वाट को लंबा लेते हैं, कि छोटा?"

मला काय कळतंय त्यातलं? पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जे बरं वाटेल ते बोलून गेलो. "लंबा, हुजूर. जितका होईल तितका लंबा."

ते समाधानानं गेले. दुसऱ्याच दिवशी सटवाजीकरवी शाळेत तसा हुकूम पोचला. रेवणअप्पा अजून डोकं धरून सांगतात की बसवंतअप्पा, चाल बिघडली, तिथं ती आखूडच आहे, मीच बसवलीय. असेल. पण ठाण्यावर जाऊन सांगणार कोण?